धूमोपहत

कानडीत तंबाखूला होगेसोप्पु म्हणतात. होगे म्हणजे धूर आणि सोप्पु म्हणजे पाला; धुराचा पाला. आपला मराठी ‘तंबाखू’ हा शब्द मात्र परका. तो पोर्तुगिजांच्या ‘तबाको’शी नाते सांगतो. मराठी शब्दावरून पाहुणा कुठून आला ते कळते, कानडी शब्दावरून तो घरात येऊन काय करतो ते कळते. आपल्या सीमाभागात हे दोन्ही शब्द एकाच ओसरीवर सुखाने नांदतात.

शब्दांप्रमाणे वनस्पतींचेही असेच शेजार आहेत. निपाणी-चिकोडीच्या शिवारात तंबाखूचे रान उभे असते आणि त्याच रानाच्या बांधावर अडुळसा, म्हणजे कानडीतला आडुसोगे, कुंपण म्हणून लावलेला असतो. गुरेढोरे त्याला तोंड लावीत नाहीत, म्हणून तो कुंपणाला बरा. घरात कोणाला खोकला लागला की त्याच कुंपणाची चार पाने खुडून काढा ठेवायचा, आणि काढा पिऊन झाला की आजोबांनी कनवटीची विडी काढायची, हे दृश्य आपल्याकडे कोणाला अनोळखी नाही. आत धूर, बाहेर काढा. बांधाच्या अलीकडे रोग, पलीकडे औषध. ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही विसंगत आहे असे कोणाला वाटत नाही.

धुराने झालेला दाह वनस्पतींनी शमवता येतो काय, हा प्रश्न माणसाने केव्हापासून विचारला आणि त्याला काळाने काय उत्तर दिले, याचा मागोवा या लेखात घ्यायचा आहे. हा प्रश्न पुस्तकी नाही. आपल्या भागातील हजारो घरांची चूल तंबाखूवर पेटली आहे आणि तेवढ्याच घरांतून रात्री-अपरात्री खोकल्याची उबळ ऐकू येते.

तंबाखूपूर्वीचा धूर

तंबाखू आपल्याकडे आला तो चारशे-सव्वाचारशे वर्षांपूर्वी. परंतु धूर ओढणे ही गोष्ट त्याहून कितीतरी जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात रोजच्या दिनचर्येचा विचार करताना धूमपानाचा विधी सांगितला आहे. वाळा, चंदन, केशर, दालचिनी, वेलदोडा, ज्येष्ठमध, जटामांसी, गुग्गुळ, वड-उंबर-पिंपळाची साल अशी द्रव्ये वाटायची, त्यांचा लेप बोरूच्या काडीवर द्यायचा, वाळला की काडी काढून घ्यायची आणि उरलेली आठ अंगुळांची पोकळ वर्ती तुपात भिजवून नळीतून ओढायची. प्रायोगिक, स्नैहिक आणि वैरेचनिक असे या धूमपानाचे तीन प्रकार. स्नानानंतर, जेवणानंतर, दात घासल्यावर, शिंक आल्यावर, झोपेतून उठल्यावर, असे आठ काळ ठरवून दिलेले आणि दिवसातून किती वेळा ओढावे याचीही मर्यादा घातलेली.

‘पाहा, आपले पूर्वजही धूम्रपान करीत’ असे म्हणून हा अध्याय पुढे करणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी तोच अध्याय थोडा पुढे वाचावा. अवेळी किंवा अति धूर ओढला तर बहिरेपण, आंधळेपण, वाचा जाणे, रक्तपित्त आणि भोवळ हे उपद्रव होतात, असे चरक लगेच बजावतो आणि त्यावर तूप पिणे, नस्य, अंजन आणि तर्पण हे उपाय सांगतो. गर्भिणी, दमलेला, मद्य प्यालेला, जखमी अशा अनेकांना तर तो धूर साफ वर्ज्य करतो. म्हणजे जिथे औषधी धूर सांगितला तिथेच त्याच्या विषाचा उतारही सांगितला. वैद्याला धुराचा भरवसा नव्हता, हे यावरून उघड आहे.

सुश्रुताने तर या रोग्याला स्वतंत्र नावच दिले आहे. सूत्रस्थानाच्या बाराव्या, अग्निकर्माच्या अध्यायात भाजलेल्या रोग्यांचे प्रकार सांगून झाल्यावर तो ‘धूमोपहत’ या रोग्याकडे वळतो. धूमोपहत म्हणजे धुराने ज्याला मारले, धुराने ज्याच्यावर घाला घातला असा. त्याची लक्षणे आजच्या डॉक्टरने लिहून घ्यावीत इतकी नेमकी आहेत. त्याला जोराचा श्वास लागतो, शिंका येतात, तो खोकतो, डोळे जळजळतात व लाल होतात, श्वासाला धुराचा वास येतो, दुसरा कोणताही वास त्याला येत नाही, जिभेची चव जाते, ऐकू कमी येते, तहान, दाह आणि ताप यांनी तो व्याकूळ होतो व शेवटी मूर्च्छित पडतो.

यावरील उपचारही क्रमवार आहेत. प्रथम वमन. त्यासाठी तूप घालून उसाचा रस, द्राक्षे, दूध, साखरेचे पाणी किंवा गोड-आंबट रस द्यावेत. त्याने कोठा शुद्ध होतो आणि धुराचा वास जातो. मग गोड, खारट, आंबट, तिखट द्रव्यांच्या गुळण्या. त्यांनी इंद्रिये ताळ्यावर येतात. मग नस्य देऊन मस्तक मोकळे करावे. शेवटी दाह न करणारे, हलके आणि स्निग्ध अन्न. आजच्या दृष्टीने यातील काही गोष्टी टिकणाऱ्या नाहीत. गुदमरून मूर्च्छित झालेल्या माणसाला वांती करवणे धोक्याचे आहे; त्याला मोकळी हवा, प्राणवायू आणि दवाखाना लागतो. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शस्त्रवैद्याने धुराचा दाह हा एक निराळा आजार आहे हे ओळखले, याचे मोल कमी होत नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे, कारण पुढचा सारा इतिहास तिच्याभोवती फिरतो. सुश्रुताचा रोगी हा अपघाताने धुरात सापडलेला माणूस आहे. त्याला बाहेर काढले आहे, आणि उपचार सुरू झाला तेव्हा धूर मागे राहिला आहे.

विजापूरची चिलीम

१५६३ साली गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा हिंदुस्थानातील औषधींवरील संवादरूप ग्रंथ छापला गेला. ओर्ता गोव्यात पंचवीसएक वर्षे राहिला होता आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाकडेही त्याचे जाणेयेणे होते. भांग, अफू, धोतरा या तिन्हींवर त्याने प्रकरणे लिहिली. तंबाखूवर प्रकरण नाही. तिकडे युरोपात मात्र तंबाखूचा डंका वाजू लागला होता. लिस्बनमधील फ्रेंच वकील झाँ निको याने १५६०च्या सुमारास ही वनस्पती औषधी म्हणून आपल्या राजदरबारी पाठवली. निकोटीन हे नाव त्याच्यावरूनच पडले. १५७१ साली सेव्हिलच्या मोनार्देस या वैद्याने तिचे गुण गाताना डोकेदुखीपासून छातीच्या विकारांपर्यंत अनेक रोगांवर ती सुचवली. तंबाखू जगभर फिरला तो व्यसन म्हणून नव्हे, तर औषधी पाला म्हणून, ही गोष्ट आज सांगितली तर खरी वाटत नाही.

आपल्या दख्खनमध्ये तो पक्का रुजल्याची साक्ष मिळते ती विजापुरात. अकबराचा दूत असद बेग १६०४च्या सुमारास दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या दरबारात आला होता. आपला चिकोडी-बेळगावचा मुलूखही तेव्हा आदिलशाहीतच होता. असद बेगाने विजापुरात तंबाखू पाहिला. उत्तरेत असे काही त्याने पाहिलेले नव्हते. त्याने रत्नजडित चिलीम करवली आणि उंची तंबाखूसह ती बादशहाच्या पुढे ठेवली.

त्यानंतर दरबारात झालेला वाद असद बेगाने लिहून ठेवला आहे. मिर्झा अजीज कोका या सरदाराने सांगितले की हा तंबाखू, मक्का-मदिनेत तो प्रसिद्ध आहे आणि औषध म्हणून हुजुरांसाठी आणला आहे. अकबराने दोन-तीन झुरके घेतले. राजवैद्य अस्वस्थ झाला आणि त्याने बादशहाला पुढे ओढू दिले नाही. त्याचे म्हणणे साधे होते : आमच्या ग्रंथांत याचा उल्लेख नाही, कोणी परीक्षा केलेली नाही, अशा अज्ञात वस्तूचे गुण आम्ही कसे सांगावे? असद बेगाने उलट सांगितले की फिरंगी लोकांत शहाणे आहेत आणि त्यांनी हे पारखले असणारच. शिवाय प्रत्येक चाल कधीतरी नवीनच असते. बादशहाला हा युक्तिवाद आवडला. स्वतः अकबराने पुढे तंबाखूची सवय लावून घेतली नाही, पण असद बेगाने सरदारांना वाटलेला तंबाखू लगेच संपला, मागणी वाढली आणि व्यापाऱ्यांनी दुकाने थाटली.

मुलांना इतिहास शिकवताना हा प्रसंग मी आवर्जून सांगतो, कारण वादात जिंकला तो युक्तिवादाने चतुर असलेला दूत आणि हरला तो ‘परीक्षा झालेली नाही’ एवढेच म्हणणारा वैद्य. योगायोग असा की त्याच १६०४ साली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने तंबाखूच्या विरोधात पुस्तिका लिहून तो मेंदूला आणि फुप्फुसांना घातक असल्याचे म्हटले. १६१७ साली जहांगिराने तंबाखूबंदीचा हुकूम काढला. राजांचे हुकूम कागदावर राहिले. आपल्या वैद्यांनाही या पाल्याची दखल घ्यावी लागली. ‘योगरत्नाकर’ या मागाहूनच्या वैद्यकग्रंथात तमाखूचा समावेश झालेला दिसतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी हिंदुस्थानातील तंबाखूच्या इतिहासाची साधने चिकाटीने गोळा केली. जिज्ञासूंनी त्यांचे निबंध जरूर वाचावेत.

अडुळसा आणि धोतरा

तंबाखू घरोघर पोचला तसा खोकलाही पोचला, आणि बांधावरच्या अडुळशाचे काम वाढले. अडुळशाचा उपयोग अर्थात तंबाखूहून जुना. संस्कृत ग्रंथांतून वासा या नावाने कास, श्वास आणि रक्तपित्तावर तो ठिकठिकाणी येतो. मराठी घरांत ही विद्या पोचवण्याचे काम शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’सारख्या ग्रंथांनी केले. या पदेशास्त्र्यांनीच १९०७ साली नाशिकला वैद्यांचे अखिल भारतीय संमेलन भरवले होते.

इंग्रजी अमदानीत या पाल्याकडे रसायनशास्त्राचे लक्ष गेले. १८८८ साली डेव्हिड हूपर याने अडुळशाच्या पानांतून एक अल्कली द्रव्य वेगळे केले, ते व्हासिसिन. पुढे या व्हासिसिनच्या धर्तीवर जर्मनीत ब्रोमहेक्झिन हे औषध तयार झाले व १९६३ साली बाजारात आले. त्याचेच भावंड अँब्रॉक्सॉल. आज खोकल्याच्या बाटलीवर ही नावे वाचणाऱ्याला ती आपल्या कुंपणातून निघाली आहेत याची कल्पना नसते. घट्ट कफ पातळ करून सुटायला मदत करणे, हे त्यांचे काम. अडुळशाचे कामही तेच होते. आजीबाईंची निवड चुकलेली नव्हती. (गर्भवतीने मात्र अडुळसा घेऊ नये, त्याने गर्भाशय आकुंचन पावतो.)

दुसरी कथा धोतऱ्याची. धोतऱ्याचा धूर दम्यावर ओढण्याची चाल दक्षिणेत होती. मद्रासमधून ती जनरल जेंट या लष्करी अधिकाऱ्याने १८०२ साली इंग्लंडला नेली. तिथल्या डॉक्टरांनी आपल्याकडे मिळणारी धोतऱ्याची जात वापरली आणि बघता बघता दम्याच्या सिगारेटींचा व्यापार युरोपभर पसरला. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त हा अशा सिगारेटींचा गिऱ्हाईक होता. दम कोंडला म्हणून धूर ओढायचा, असा हा उलटा व्यवहार विसाव्या शतकातही बरीच वर्षे चालू होता.

त्यात तथ्य होते का? होते, पण धुरात नव्हते. धोतऱ्यातील ॲट्रोपीनवर्गातील द्रव्ये श्वासनलिकांभोवतीचे आकसलेले स्नायू सैल करतात. एकोणिसाव्या शतकात ॲट्रोपीन शुद्ध स्वरूपात मिळाले. त्यात फेरफार करून इप्राट्रोपियम हे औषध १९७०च्या दशकात आले आणि २००२ साली त्याच घराण्यातले टायोट्रोपियम. विडी-सिगारेटने छाती खराब झालेल्या रोग्याच्या हातात आज जो पंप दिसतो, त्यात बहुधा याच घराण्यातले औषध असते. धूर बाजूला काढला, विष बाजूला काढले, मात्रा मोजून दिली, तेव्हा कुठे धोतऱ्याचे औषध झाले. वाचकांनी कृपा करून धोतऱ्याचा प्रयोग घरी करू नये. त्याची पाने किंवा बिया पोटात गेल्या तर माणूस भ्रमिष्ट होतो आणि जीवही जातो.

वनस्पतींची फितुरी

आतापर्यंतच्या कथेत वनस्पती रोग्याच्या बाजूने उभ्या होत्या. विसाव्या शतकात त्यांना कारखान्यांनी आपल्या बाजूला वळवले. ज्येष्ठमध घ्या. घसा बसला की आपण त्याची काडी चघळतो. अमेरिकेतील सिगारेटवाल्यांनी हाच ज्येष्ठमध तंबाखूच्या मिश्रणात घातला, कारण त्याने धुराचा खरखरीतपणा कमी होतो व घशाला गोडसरपणा वाटतो. तेथे आयात होणाऱ्या ज्येष्ठमधाचा मोठा वाटा अनेक वर्षे औषधांपेक्षा तंबाखूच्या कारखान्यांत जात होता. घसा बरा करणारी मुळी घशाला फसवण्याच्या कामी लागली.

पुदिन्याचेही तेच. १९२५ साली अमेरिकेत ओहायोतील लॉईड ह्यूज याने मेंथॉलच्या सिगारेटचे पेटंट मिळवले. मेंथॉल हे पुदिन्याचे सत्त्व. ते लागले की गार वाटते, जळजळ जाणवत नाही आणि झुरका अधिक खोल घेतला जातो. दाह कमी झालेला नसतो, दाहाची जाणीव कमी झालेली असते. युरोपीय संघाने २०२० साली मेंथॉल सिगारेटींवर बंदी घातली ती याच कारणाने. आपल्याकडे तुळस, ज्येष्ठमध, दालचिनी घातलेल्या ‘तंबाखूविरहित’ विड्या आणि सिगारेटी मिळतात. त्यांत निकोटीन नसते हे खरे, परंतु कोणताही पाला जळला की डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड निघणारच. पेटवलेली तुळस ही वृंदावनातली तुळस राहत नाही.

आत नेमके काय होते तेही थोडक्यात पाहू. श्वासनलिकेच्या अस्तरावर अतिसूक्ष्म रोम असतात. ते लाटेसारखे हलून धूळ आणि कफ वर ढकलतात. धुराने ते लुळे पडतात. कफ वाढतो, पण वर येत नाही. शत्रू शिरला असे समजून शरीर पांढऱ्या पेशींची फौज पाठवते. ती फौज जे विकर सोडते, त्यांनी फुप्फुसातील लवचीक तंतूच विरघळू लागतात. शरीरात या विकरांना आवरणारे एक प्रथिन असते. ते ज्यांच्यात जन्मतःच कमी असते त्यांची फुप्फुसे लवकर झिजतात, हे १९६३ साली स्वीडनमधील लॉरेल आणि एरिक्सन यांनी दाखवले, आणि दाहाचे हे गणित उलगडले. लवचीक तंतू एकदा गेले की ते कोणत्याही काढ्याने परत येत नाहीत. म्हाताऱ्या माणसाचा जिना चढताना लागणारा दम हा वयाचा नसतो, हरवलेल्या तंतूंचा असतो.

परीक्षा झाली

अकबराच्या वैद्याने मागितलेली परीक्षा व्हायला साडेतीनशे वर्षे लागली. १९५० साली इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनी सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध आकड्यांनी मांडला. १९६२ साली लंडनच्या रॉयल कॉलेजचा आणि १९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल आला. भारतात १९७५च्या कायद्याने सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापला जाऊ लागला. विडी मात्र त्यातून सुटली. गरिबाची विडी पानाची, म्हणजे साधी, म्हणजे कमी घातक, हा समज त्यामुळे अधिकच दृढ झाला. प्रत्यक्षात टेंभुर्णीचे पान सच्छिद्र नसल्याने विडी विझू नये म्हणून झुरके भराभर आणि जोराने घ्यावे लागतात, आणि तिच्या धुरातून डांबर व कार्बन मोनॉक्साइड कमी नव्हे, जास्तच मिळते. २००३च्या कायद्यात विडी आली आणि २ ऑक्टोबर २००८पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला देशभर मनाई झाली.

मग औषधांचीही परीक्षा झाली. भाजीपाला भरपूर खाणाऱ्यांत कर्करोग कमी दिसतो, म्हणून गाजरातला बीटा-कॅरोटीन हा घटक गोळीतून द्यावा, अशी कल्पना निघाली. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर याचा प्रयोग झाला. १९९४ साली निकाल आला तेव्हा सगळे अवाक् झाले. ती गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला नव्हता, उलट १८ टक्क्यांनी वाढला होता. अमेरिकेतील असाच दुसरा प्रयोग त्यामुळे जानेवारी १९९६ मध्ये मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. गाजर दोषी नाही. गाजर अवश्य खावे. पण वनस्पतीतून काढले म्हणजे निरुपद्रवी, आणि धूर ओढणाऱ्यालाही ते तारील, ही समजूत त्या दोन प्रयोगांनी मोडून काढली.

हळदीचीही गोष्ट अशीच तोलून सांगितली पाहिजे. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखमा भरण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील आपल्या वैज्ञानिक परिषदेने ते १९९७ साली रद्द करून घेतले. हा अभिमानाचा विषय आहे. प्रयोगशाळेतील पेशींवर हळदीतील कुर्कुमिन दाह कमी करते, हेही खरे आहे. परंतु पोटात घेतलेले कुर्कुमिन रक्तात फारच थोडे उतरते, आणि धुराने झिजलेले फुप्फुस हळदीने भरून आल्याचे कोणी सिद्ध केलेले नाही. रात्रीचे हळद-दूध घ्यायला हरकत नाही. त्याच्या भरवशावर सकाळची विडी पेटवायला हरकत आहे.

सर्वांत बोलका प्रयोग १९९४ सालचाच. अमेरिका आणि कॅनडातील ५,८८७ धूम्रपान करणाऱ्यांना पाच वर्षे पाहण्यात आले. काहींना धूम्रपान सोडण्यासाठी मदत दिली, त्यांतल्या निम्म्यांना शिवाय इप्राट्रोपियमचा, म्हणजे धोतऱ्याच्या नातवाचा, फवारा दिला. फवाऱ्याने श्वास थोडा मोकळा झाला, पण तो बंद करताच लाभ संपला. फुप्फुसांची वर्षागणिक होणारी झीज त्याने रोखली गेली नाही. ती मंदावली फक्त त्यांची, ज्यांनी सिगारेट सोडली. आयुर्वेदात यालाच निदानपरिवर्जन म्हणतात : ज्या कारणाने रोग झाला ते आधी दूर करणे. सुश्रुताच्या रोग्याचे ते आपोआप झाले होते, कारण तो धुरातून बाहेर आला होता. आपला रोगी काढा पितो आणि पुन्हा धुरात शिरतो.

आणि येथेच वनस्पतींच्या इतिहासातले एक आशेचे पान आहे. युरोपात लॅबर्नम नावाचे पिवळ्या फुलांच्या लोंबत्या घोसांचे विषारी झाड असते. त्यातील सायटिसिन हे द्रव्य मेंदूत निकोटीनच्याच जागी जाऊन बसते आणि तलफ शमवते. बल्गेरियात १९६४पासून ते धूम्रपान सोडवण्याचे औषध म्हणून मिळते. पोलंडमध्ये ७४० जणांवर झालेल्या प्रयोगाचा निकाल २०११ साली आला : वर्षभर सिगारेटपासून दूर राहिले ते सायटिसिन घेणाऱ्यांत ८.४ टक्के, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत २.४ टक्के. आकडा लहान वाटेल, पण धुराच्या दाहावर ज्या वनस्पतीने खरोखर इलाज केला ती हीच म्हणायची, कारण तिने दाहाला हात लावला नाही, धूरच बंद केला. तंबाखूतले निकोटीनही च्युइंगमच्या रूपात मोजून दिले तर सोडण्याच्या कामी येते. ते आपल्याकडे औषधांच्या दुकानात मिळते. घ्यायचे ते डॉक्टरांना विचारून.

आपला उंबरठा

निपाणीच्या तंबाखूबद्दल बोलताना फक्त ओढणाऱ्याचा विचार करून भागत नाही. १९८१च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर बसले आणि आंदोलनाचा शेवट गोळीबारात झाला, ते दिवस आपल्या पिढीला आठवतात. वखारीत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या स्त्रियांवर १९८२ साली ‘युगांतर’ या गटाने माहितीपट केला. निपाणीच्या महादेव मोरे यांनी आपल्या कथा-कादंबऱ्यांतून इथल्या कष्टकऱ्यांचे जग मराठीत आणले. या स्त्रियांनी कधी विडी ओठाला लावली नाही. पण तंबाखूच्या भुकटीने त्यांचे डोळे चुरचुरले, घसे बसले, छात्या भरल्या. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेली आई आणि नवऱ्याच्या विडीच्या धुरात झोपणारे मूल, हेही धूमोपहतच. त्यांना ‘सोडा’ म्हणून सांगता येत नाही, कारण त्यांनी काही धरलेलेच नाही. त्यांच्यासाठी वखारीला वारा हवा, तोंडाला फडके हवे, घरात धूर न करणारी चूल हवी, आणि घरातल्या कर्त्याने निदान उंबरठ्याबाहेर जाण्याची लाज हवी.

अडुळशाचा काढा अवश्य ठेवावा. कफ सुटायला तो मदत करतो. पण खोकला दोन आठवड्यांवर गेला, कफातून रक्त पडले किंवा वजन उतरू लागले, तर काढ्यात दिवस घालवू नयेत. क्षय आणि कर्करोग दोन्ही अशाच खोकल्याचे सोंग घेऊन येतात. आणि ज्याला सोडायचे आहे पण जमत नाही, त्याच्यासाठी सरकारने २०१६ साली फोनवरून मोफत सल्ल्याची सोय सुरू केली आहे : १८००-११-२३५६. सोडताना पहिल्या आठवड्यांत खोकला थोडा वाढतो. लुळे पडलेले रोम पुन्हा हलू लागल्याची ती खूण असते, म्हणून घाबरून परत विडी पेटवू नये. एवढ्या दिवसांपुरता काढा उपयोगी पडेल. बांधावरचा अडुळसा त्याच कामासाठी उभा आहे.